संपदाचे हात

बाईमाणूस आणि विडी, असं म्हणून कुणाला नाक मुरडायचं असेल तर त्याने खुशाल मुरडावं. पण त्याआधी वसईजवळ कामणच्या अलीकडे, खाडीला लागून जी शेतं आहेत तिथे आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकून उभं राहून बघावं, आणि मग काय ते बोलावं. बायका घटकाभर बांधावर टेकायच्या, अंबाड्यात खोचलेली विडी काढायच्या, एकीच्या विडीवर दुसरी आपली पेटवायची, चार झुरके झाले की पुन्हा चिखलात. जिजाची सासू ओढायची. सासूची सासू तर म्हणे देवाला हात जोडायच्या आधी विडी पेटवायची. जिजा लग्न होऊन आली आणि दुसऱ्या की तिसऱ्या आवणीला तीही ओढायला लागली. यात लपवण्यासारखं काही असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिचे हात गेले. एकदम नाही गेले. आधी सकाळी उठल्यावर बोटं उघडेनात. ऊन वर आलं की उघडायची, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग बोटांच्या मुळाशी गाठी सुजल्या, मनगटं सुजली, रात्री अंगावरचं पांघरूणसुद्धा हाताला सोसेनासं झालं. वात आहे, वात आहे म्हणून तेलं झाली, शेक झाला, पाल्याचे लेप झाले. श्रीपतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कुणी सांगेल त्या वैद्याकडे तिला नेलं. तोवर बोटं एका बाजूला कलली ती कललीच. तेव्हा जिजा तिशीतली होती आणि तिची एकुलती एक पोर संपदा दुसरीत होती.

त्या एवढ्याशा पोरीने आईचे हात व्हायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, कुणी तिला विचारलं थोडंच? ती आईची वेणी घालायला लागली, लुगड्याची गाठ मारून द्यायला लागली, दुखणं फार असेल त्या दिवशी घास भरवायला लागली. आणि जिजाला काडी ओढता येईना, विडी धरता येईना, तेव्हा संपदाने तेही काम आपल्याकडे घेतलं. विडी स्वतःच्या ओठात धरायची, चुलीतलं कोलीत उचलायचं, टोकाला लावायचं आणि ओढायचं, कारण ओढल्याशिवाय विडी पेट घेत नाही. नीट पेटली की काढून आईच्या ओठात द्यायची. पहिल्या वेळेला तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि श्रीपत, जिजा, शेजारच्या बायका सगळे हसले. पुढे ठसका लागायचा बंद झाला.

"पोर नाय ती, जिजाचे हात हायत," असं आळीतल्या बायका म्हणायच्या, आणि जिजाचा ऊर भरून यायचा. देवाने एक जोडी नेली आणि दुसरी दिली, असं ती येईल त्याला सांगायची. दिवसातून किती वेळा पोरीच्या छातीत तो धूर जातोय हे त्या घरात कुणाच्या मनात आलं नाही, आणि जिजाच्या तर मुळीच नाही.

संपदा वसईला कॉलेजात गेली, हुशार निघाली, आणि तिला स्थळही तसंच आलं. जितेश घाटावरचा, मुंबईत चांगल्या नोकरीला, बोळिंजला नव्या कॉम्प्लेक्समध्ये स्वतःचा फ्लॅट. माणूस शांत, निर्व्यसनी. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, याचं श्रीपतला भारी कौतुक. मग ऋतिका झाली. खाडीकाठच्या पोरीने चिखल सोडला, लिफ्टमधून वर जायला लागली, यापेक्षा जिजाला काय हवं होतं?

माहेरी मात्र ती नेमाने यायची. दुपारी श्रीपत आडवा झाला की मायलेकी घरामागे पेंढ्याच्या उडवीच्या सावलीला बसायच्या. संपदा दोन विड्या पेटवायची, एक आईच्या ओठात द्यायची, एक आपल्या. मग काय बोलणं चालायचं! सासूने काय म्हटलं, शेजारणीचं कुणाशी बिनसलं, ऋतिकाच्या शाळेतल्या बाई कशा आहेत. बोळिंजला कशी ओढते तेही तिने एकदा हसत सांगितलं. जितेश ऑफिसला, ऋतिका शाळेत, स्वयंपाकघराची खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन चालू, आणि वरून मूठभर बडीशेप. जिजा पोट धरून हसली होती. आपल्या लेकीचं एक गुपित आपल्यापाशी आहे आणि तिच्या नवऱ्यापाशी नाही, याचं तिला बरंही वाटलं होतं. आता हे कुणाला सांगायचं तोंड तिला राहिलं नाही, पण बरं वाटलं होतं हे खरं.

दोन हजार सहा साली दिवाळीनंतर अशाच एका दुपारी संपदाने काडी पेटीवर ओढली आणि ती तिच्या बोटांतून निसटली. दुसरी काढली, तीही पडली.

"आये, काडी धरवत नाय," ती म्हणाली, आणि हसायला गेली.

जिजाने तिचा हात आपल्या वाकड्या बोटांनी ओढून घेतला. पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी सूज होती, आणि सुजेवरची कातडी ताणून चकाकत होती.

"सकाळी उघडत नाय ना?" जिजाने विचारलं.

"थोडा वेळ नाही उघडत. थंडी आहे ना."

 थंडी आहे म्हणून, असं आपणही म्हटलं होतं हे जिजाला आठवलं. त्या संध्याकाळी ती गावदेवीच्या देवळात गेली आणि तिने स्पष्ट मागणं मागितलं. देवीशी आडपडद्याने बोलायची तिला सवय नव्हती. बाकी काही नको, ती म्हणाली, माझ्या पोरीचे हात ठेव. त्याबदल्यात माझं काय घ्यायचं ते घे.

मुंबईची एक संधिवाताची डॉक्टरीण महिन्यातून एकदा वसईत यायची. जितेशने सुट्टी काढली, संपदाला घेऊन गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी आईला पण आणा म्हटल्यावर पुढच्या महिन्यात जिजालाही घेऊन गेला. बाई वयाने लहानच, पण बोलायला गोड. त्यांनी जिजाचे दोन्ही हात टेबलावर ठेवून घेतले आणि बराच वेळ बघितले. मग संपदाचे बघितले.

"घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं?" त्यांनी विचारलं.

"छे," जितेश म्हणाला. "आमच्याकडे कुणालाच नाही."

"तुम्ही?" त्यांनी संपदाकडे बघितलं.

"नाही," संपदा म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली.

"मी वडते," जिजा म्हणाली. "विडी. पहिल्यापासनं."

जितेश किंचित हसला. सासूचं त्याला माहीत होतं, आणि जुनं माणूस म्हणून त्याने ते केव्हाच सोडून दिलं होतं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. हा आजार आईकडून जसाच्या तसा लेकीत येतो असं नाही, त्या म्हणाल्या. रक्तातून येतो तो आजाराकडे असलेला एक कल. तसा कल असलेली किती तरी माणसं शंभरीपर्यंत धडधाकट जगतात. पण तो कल असलेल्या माणसाच्या छातीत वर्षानुवर्षं तंबाखूचा धूर गेला, तर धोका कितीतरी पटीने वाढतो. नुसता कल एक वेळ परवडला, नुसता धूरही या आजारापुरता एक वेळ परवडला, पण दोघं एकत्र आले की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. परदेशात यावर नुकताच बराच अभ्यास झालाय. एकेका माणसाबद्दल याचमुळे झालं असं छातीठोक नाही सांगता येत. "पण ओढणाऱ्याला आमची औषधंही नीट लागू पडत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारलं. तुम्ही ओढत नाही ते बरं आहे. वेळेवर आलाय तुम्ही, हात वाचतील."

बाकीचं जिजाला ऐकूच आलं नाही. खाजणातल्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत राबणाऱ्या बाईला हे कळायला गुणाकार यावा लागत नाही. बांध कच्चा असला तरी साध्या भरतीला तग धरून राहतो, पिढ्यानपिढ्या राहतो. कच्चा बांध आणि मोठं उधाण यांची एकाच दिवशी गाठ पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग पुढची किती वर्षं तिथे भात होत नाही. कच्चा बांध पोरीला तिच्याकडून गेला होता, त्याला ती काय करणार? पण उधाणही तिनेच आणलं होतं. पोरीच्या इवल्याशा ओठात विडी देऊन, रोज, आणि वर तिचं कौतुक करून.

जितेश औषधं आणायला गेला तेव्हा दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"सांग त्यांना," जिजा म्हणाली. "आता जा आत नि सांग."

"वेडी आहेस का? जितेशसमोर?" संपदाचा आवाज एकदम बारीक झाला. "त्याच्या घरात माझं काय राहील? हे बघ, तू बोलायचं नाहीस. तुला ऋतिकाची शपथ आहे."

"मंग सोड."

"सोडते."

"खरंच सोडशील?"

"सोडते म्हटलं ना, आये."

त्याच दिवसापासून जिजाने स्वतः सोडली. श्रीपतने सवयीने विडी पेटवून पुढे केली, तर तिने तोंड फिरवलं. "बरी हायस ना?" त्याने घाबरूनच विचारलं. लेक सासरी गेल्यापासून कुरकुर करत का होईना, तो बायकोच्या विड्या पेटवत आला होता. तिला फार त्रास झाला. तोंडाला पाणी सुटायचं, डोकं उठायचं, उगाचच भांडावंसं वाटायचं आणि श्रीपत समोर असायचाच. पण आपण ओढत असताना पोरीला कुठल्या तोंडाने नको म्हणायचं?

पुढच्या खेपेला संपदा आली तेव्हा दोघी उडवीच्या सावलीला बसल्या. संपदाने पर्समधून सिगारेटचं पाकीट काढलं.

"तू सोडलीस ना?" जिजाने विचारलं.

"तिकडे सोडली. इथे एकच, आये. तुझ्यासोबत नाही ओढायची तर कुणासोबत?"

"मी सोडली."

 पाकीट परत पर्समध्ये गेलं.  सासूचा विषय निघाला आणि दोन वाक्यांत संपला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मायलेकींना एकमेकींशी काय बोलावं ते कळेना. चहासुद्धा न घेता संपदा लवकर निघाली, आणि जाताना जिजाने तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या केसांना तोच जुना वास होता. एखाद्या सिगारेटचा नव्हता तो, रोजचा होता. आयुष्यभर ओढलेल्या बाईला तो फरक कळतो.

महिने गेले. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या वाढवल्या, पुन्हा वाढवल्या. संपदाच्या तोंडाला चव राहिली नाही, केस गळायला लागले, आणि सूज होती तशीच. ऋतिकाच्या डब्याचं झाकण ऋतिकालाच उघडावं लागायला लागलं. दर वेळी जिजा फोनवर विचारायची, "सोडली ना?" आणि दर वेळी संपदा म्हणायची, "हो गं." कितीदा जिजाच्या ओठावर आलं आणि तिने गिळलं. शपथ होती, आणि साधीसुधी नव्हती, नातीच्या जिवाची होती.

पावसाळा संपता संपता जितेशने पुन्हा दोघींना वसईला नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला आणि मनगटाच्या हाडाशी बोट ठेवलं. उंदराने कुरतडावी तशी हाडाची कडा खाल्ली गेली होती.

"एवढ्यात असं व्हायला नको होतं," त्या म्हणाल्या. "खरं सांगते, मला कळत नाहीये. आता जास्त कडक औषध द्यावं लागेल. त्याचे त्रासही आहेत. आणि तेही लागू पडलं नाही, तर..." त्यांची नजर जिजाच्या हातांवर गेली.

संपदानेही तिकडे बघितलं. आणि तरीही ती गप्प राहिली.  जिजाला तिचा राग आला नाही, दयाच आली. एवढ्या शिकलेल्या बाईला हाताहून लाज मोठी वाटावी, म्हणजे त्या लिफ्टवाल्या घरात ती किती भिऊन राहत असेल?

"बाय," जिजा डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "ती वडते."

जितेशने झटकन संपदाकडे बघितलं.

"मीच शिकवली. माझे हात गेले नि मना विडी पेटवता येत नव्हती, मंग ही पेटवून द्यायची. एवढीशी होती. तिची काय चूक नाय. रगत माझं, धूर पन माझा. तिला काय बोलू नका. माझं चुकलं, मी मूर्ख बाई हाय. पन तिचे हात वाचवा."

आपण हे बाईंना बाजूला घेऊन सांगू शकलो असतो, हे तिला नंतर सुचलं. घरी गेल्यावर सुचलं. माणसाला शहाणपण सुचायची वेळ तीच असते. त्या घडीला तिला फक्त ते कुरतडलेलं हाड दिसत होतं.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. सोडली तर अजूनही खूप फरक पडेल, त्या म्हणाल्या, आणि जितेशकडे बघून म्हणाल्या, "रागवायची ही वेळ नाही." जितेश रागावला नाहीच. त्याने फक्त विचारलं, "लग्नाच्या आधीपासून?" संपदाने मान हलवली. परतीच्या रिक्षात तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि वाटभर मागे वळला नाही.

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने बहिणीला सांगितलं, बहिणीने आईला. सासू गावाहून येऊन राहिली. दुपारी घरात संपदा एकटी राहू नये अशी व्यवस्था झाली, तिच्या भल्यासाठीच. पर्स तपासली जायची, तीही तिच्या भल्यासाठीच. कॉम्प्लेक्समधल्या बायका लिफ्टमध्ये हसून बोलायच्या आणि लिफ्टमधून उतरल्यावर वेगळं बोलायच्या. एके दिवशी ऋतिकाने शाळेतून येऊन विचारलं, "मम्मी, तू विडी पितेस?"

हे सगळं संपदाने जिजाला फोनवर एका दमात सांगितलं.

"मी तुझे हात होते, आये," ती म्हणाली. "एवढी वर्षं. तुझं काय काय केलं, कधी कुणाला बोलले नाही. तुला माझी एक गोष्ट झाकता नाही आली?"

"तुझे हात जात होते गं," जिजा म्हणाली.

"गेले असते तर गेले असते. माझे होते."

"पोरी, मी..."

"ऋतिकाची शपथ घातली होती मी तुला," संपदा म्हणाली, आणि फोन ठेवला. त्यानंतर ती माहेरी आली नाही. दिवाळीला नाही, पुढच्या गणपतीलाही नाही. श्रीपतने एकदा जाऊन बघितलं. बरी हाय, एवढंच तो येऊन म्हणाला आणि डोळे पुसत गोठ्याकडे गेला.

जिजाने वर्ष काढलं. कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. दुपारी पाय आपोआप घरामागे वळायचे आणि ती स्वतःला परत आणायची. विडीची आठवण केव्हाच गेली होती. शेवटी तिला राहवेना. नातीच्या वाढदिवसाचं निमित्त करून ती श्रीपतबरोबर बोळिंजला गेली.

दार संपदानेच उघडलं. अंगाने जराशी भरली होती, केस पुन्हा दाट झाले होते. "या," ती म्हणाली. आईबापाला कुणी असं पाहुण्यासारखं या म्हणतं का? जितेशने वाकून नमस्कार केला, सासूने पाण्याचे ग्लास आणले, ऋतिका येऊन आजोबांना बिलगली. सगळं रीतसर होतं. संपदा पुऱ्या लाटत होती. जिजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, लाटणं कसं फिरतंय, पुरी पोळपाटावरून कशी उचलली जातेय. सूज नव्हती. मनगट नीट वळत होतं. सगळी बोटं सरळ होती.

संपदाला तिची नजर कळली असावी. तिने गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले, आणि आईसमोर येऊन दोन्ही पंजे पुढे धरले. आधी पालथे, मग उताणे, जसे डॉक्टरांना दाखवतात तसे.

"बघ," ती म्हणाली. "नीट आहेत. कडक औषध लागलंच नाही. वर्ष झालं सोडून."

जिजाने आपले वाकडे हात उचलले. त्या बोटांना एकदा, फक्त एकदा, हात लावून बघावा असं तिला वाटलं.

"बघितलेस ना?" संपदा म्हणाली, आणि हात मागे घेतले. "झालं मग."

ती परत ओट्याकडे वळली आणि तिने पुऱ्यांच्या कढईखालचा गॅस पुन्हा पेटवला. सासूबाई जिजाला म्हणाल्या की उभ्या का, बाहेर पंख्याखाली बसा. जिजाने मागितलं तेवढं देवीने अगदी मोजून दिलं होतं, आणि त्याबदल्यात घ्यायचं तेही घेतलं होतं. जिजा बाहेर आली आणि श्रीपतशेजारी सोफ्याच्या कडेला बसली.